दुपारी माळावर कोणी नसतं

अनुभव लिहिण्याइतकं माझं वय नाही, आणि नोकरी म्हणावी तर तीही अर्ध्यातच संपली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. कडेगावच्या पूर्वेला, कोरडवाहू रानात मेंढरं राखणारी आमची माणसं. आपलं काही छापून यावं असं म्हणणंसुद्धा मला आगाऊपणाचं वाटतं. पण या अंकाचे संपादक म्हणाले, "तुम्ही आभाळ मोजत होता म्हणे, त्यावर लिहा." मी म्हटलं, त्यात मोजण्यापेक्षा भिण्याचाच भाग जास्त आहे. ते म्हणाले, "मग भिण्याचं लिहा." म्हणून लिहितो आहे. जिथं चुकेल तिथं जाणत्या वाचकांनी सांभाळून घ्यावं.

साताऱ्याला बी.एस्सी. झालो तेव्हा मोठा दुष्काळ नुकताच सरला होता. नोकरी मिळेल तिथं जायचं, एवढंच डोक्यात होतं. पुण्याच्या एका संशोधन कार्यालयाला कोरेगावजवळच्या एका माळावर निरीक्षक हवा होता. हंगामी जागा. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "एकट्यानं राहता येईल का?" मी म्हटलं, "मेंढरांमागं राहिलोय, साहेब." ते हसले आणि जागा मला मिळाली.

काम काय, ते आधी सांगतो. हवेत ओझोन नावाचा एक वायू असतो, ऑक्सिजनचाच भाऊबंद. तो खाली फारसा नसतो. साताऱ्याहून कोरेगावला एसटीनं जेवढं अंतर जातो, साधारण तेवढं उभं वर गेलं की त्याचा दाट थर लागतो. सूर्याच्या उजेडात डोळ्यांना न दिसणारे जे जहाल किरण असतात, ते हा थर गिळतो, म्हणून पिकं आणि माणसं करपत नाहीत. त्या किरणांतला एक प्रकार ओझोन भरपूर गिळतो, दुसरा जवळजवळ सोडून देतो. खाली पोचलेल्या दोन्हींची तुलना केली की वर ओझोन किती आहे ते कळतं. आमच्याकडे त्यासाठी एक लांब पेटी होती, माणूस आडवा झोपेल एवढी. ती चाकांच्या गाड्यावरून खोलीबाहेर ओढायची, सूर्याकडे काच धरायची, आणि काटा शून्यावर येईपर्यंत चकती फिरवायची. मग चकतीवरचा आकडा लिहायचा. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. बाकीच्या वेळी पेटी तापू नये म्हणून तिच्यावर पांढरी चादर टाकून ठेवायची.

यातली दुपारची वेळ महत्त्वाची. परदेशी लोकांनी सोडलेला एक उपग्रह त्या सुमारास आपल्या भागावरून दक्षिणेकडून उत्तरेकडे जात असे. तो वरून खाली बघायचा आणि हवेतून परत फिरणाऱ्या उजेडावरून तोच ओझोन मोजायचा. मी त्याच वेळी खालून वर बघायचं. त्याचं आणि माझं जुळतं का, हे पुण्याला बसून साहेब तपासणार. भर उन्हात तो दिसणं शक्य नव्हतं. आपल्या डोक्यावरून कुणीतरी जातंय आणि आपल्याकडे बघतंय, एवढंच मला ठाऊक असायचं.

माळाच्या पायथ्याला वस्ती होती. तिथले नाना म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. कार्यालयानं त्यांना रखवालीला ठेवलं होतं. ते रात्री आणि सकाळी वर असत, दुपारी खाली शेतात. त्यांच्या घरवाल्या आक्का मला जेवण देत. पहिल्या दिवशी आक्का भाकरी घेऊन वर आल्या, पेटीवरची पांढरी चादर बघून दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "ह्ये कुनाला झोपवलंय रं बाबा?"

वस्तीवरच्या माणसांनी मला लवकरच आपलं मानलं. आभाळ मोजतो म्हटल्यावर जो तो विचारायचा, "पावनं, पाऊस कवा?" मी म्हणायचो, "मी पावसाच्याही वरचं मोजतो." त्यावर नाना म्हणायचे, "म्हंजी कामाचं त्येवढं सोडून!" आणि सगळे हसायचे.

पहिल्याच आठवड्यात एके दिवशी पाण्याची कळशी भरायची राहिली. उपग्रहाची वेळ होत आली होती, त्यामुळे खाली जाता येईना. मी माळाच्या कडेला गेलो. बरोबर खाली नाना आणि आक्का काम करत होते. नुसतं खाकरलं तरी ऐकू जाईल एवढं अंतर. मी हाक मारली, "नाना, जरा पाणी!" नानांनी मान वर केली नाही. पुन्हा हाक मारली. आक्कांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि खुरपं चालू ठेवलं. मी हात हलवले, ओरडलो. शेजारच्या वावरातली माणसंसुद्धा खाली मान घालून उभी होती. जणू मी नव्हतोच.

संध्याकाळी जेवताना विषय काढला.

"नाना, दुपारी मी एवढ्या हाका मारल्या. ओ का नाही दिलीत?"

"कवा?"

"दुपारी. कड्यावरून."

"दुपारी वर कोन नसतंय," नाना म्हणाले आणि आमटीत भाकरी कुस्करू लागले.

"आवं, पोराला सांगा की नीट," आक्का म्हणाल्या. "भ्यालंय त्ये."

मग आक्कांनीच सांगितलं. आमच्या खोलीपासून थोड्या अंतरावर शेंदूर फासलेला एक दगड होता, तो म्हसोबा. सूर्य डोक्यावर आला की तो माळावर फिरतो. त्या वेळी तिथं कुणी सापडलं आणि खालून कुणी त्याला ओ दिली, किंवा तो वर आहे असं बोलून दाखवलं, तर म्हसोबाला कळतं की इथं माणूस आहे. मग तो त्याला धरतो. खालच्या सगळ्यांनी वर कोणी नाही म्हटलं, की तो बाजूनं निघून जातो.

"रातच्याला सापाला साप म्हनतो का आपन? लांबडं म्हनतो," आक्का म्हणाल्या. "माझं म्हायेर शिराळ्याचं. पंचमीला हातात नाग धरनारी मानसं तितली. पर रातच्याला त्येबी नाव घेत न्हाईत. तसंच ह्ये. आमी न्हाई म्हनतो, म्हून तू ऱ्हातोस."

"नाना, तुम्ही तर फौजेतले," मी म्हणालो.

"गोळीला भ्यालो न्हाई गड्या. गोळी समोरनं येती. ह्यो इषय येगळा हाय."

हा माळ आमच्या कार्यालयाला इतक्या सहज का मिळाला, हे मला त्या रात्री समजलं. मी विज्ञानाचा विद्यार्थी. मनात हसलो, पण ते हसू अंथरुणावरच राहिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पेटीची चादर काढताना मी आधी चारी बाजूंना बघून घेतलं.

ज्यांनी भर दुपारी उघड्या माळावर एकट्यानं दिवस काढले नाहीत, त्यांना ती शांतता सांगून पटायची नाही. अंधारात निदान रातकिडे असतात. त्या वेळी पाखरं गप्प होतात, वारा पडतो, लांबची टेकडी उन्हात हलताना दिसते. खाली माणसं असतात, पण त्यांच्या लेखी तुम्ही नसता. वर काहीतरी चाललेलं असतं, ते तुम्हाला दिसत नाही. मधे तुम्ही, हातात चकती धरून.

आपल्याकडे मे महिन्याच्या मध्याला सूर्य नेमका माथ्यावर येतो. त्या दुपारी उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली जाते. कॉलेजात हे शिकलो होतो, पण अंगावर घेतलं नव्हतं. त्या दिवशी काम करता करता खाली बघितलं तर माझी सावली नव्हती. खोलीसमोरच्या खांबाला नव्हती. कळशीला नव्हती. सगळा माळ चित्रात काढल्यासारखा सपाट झाला होता. फक्त शेंदराच्या दगडाला एका अंगानं सावली होती, काळी, ओंजळभर. दगड कलता होता, म्हणून ती होती. हे मला त्याच क्षणी कळलं होतं, हे मुद्दाम सांगतो. तरी माझा हात चकतीवरून सुटला.

पुढच्या फाल्गुनात मला ऊन लागलं. आकडा लिहिला आणि डोळ्यांपुढं अंधारी आली. पेटीच्या गाड्याशेजारी पडलो. जीभ कोरडी पडली, उठता येईना. खाली शाळूची काढणी चालली होती. विळ्यांचा आवाज स्पष्ट येत होता. सगळा जोर करून मी हाक मारली, "आक्का!"

विळे थांबले. सगळे एकदम थांबले. म्हणजे हाक पोचली होती. थोड्या वेळानं विळे पुन्हा सुरू झाले, आधीपेक्षा जोरात. मी तसाच पडून ऐकत राहिलो. खांबाची सावली बोटभर सरकलेली दिसली, आणि त्याच वेळी खालून धावत येणारी पावलं ऐकू आली. दहा-बारा माणसं धापा टाकत वर आली. कुणी पाणी आणलं, कुणी कांदा फोडला. आक्कांनी माझं डोकं मांडीवर घेतलं. त्या रडत होत्या.

"मेल्या, हाक तरी मारायचीस!"

"मारली होती, आक्का."

"न्हाई रं. कायबी ऐकू आलं न्हाई आमास्नी."

त्या खोटं बोलत होत्या असं मला आजही म्हणवत नाही. त्यांच्या डोळ्यांत बघून माझाच विश्वास डळमळला. हाक खरंच तोंडातून बाहेर पडली होती का?

असाच एक डळमळीतपणा मग कामातही शिरला. पहिल्या वर्षी उपग्रहाचे आकडे आणि माझे आकडे चांगले जुळत. उपग्रहाचे परदेशातून पुण्याला पोचायला महिनोन्‌महिने लागत, पण साहेब आठवणीनं कळवत, आणि जुळलं म्हटलं की मला फार बरं वाटे. दुसऱ्या वर्षी उपग्रह ओझोन थोडा कमी सांगू लागला. पुढे आणखी कमी. माझा काटा मात्र ऋतुमानाप्रमाणे जायचा तसाच जात होता. वेगवान विमानांच्या धुरानं आणि फवाऱ्याच्या डब्यांतल्या वायूनं हा थर विरेल, अशी चर्चा तेव्हा जगभर सुरू झाली होती. साहेब काळजीत पडले.

मी उपग्रहावर विश्वास ठेवला, हे कबूल केलं पाहिजे. एवढ्या मोठ्या लोकांनी एवढ्या उंचावर ठेवलेला डोळा. मी कुठला कोण? पेटीच्या काचा पुन्हा पुन्हा पुसल्या, दिव्यापुढं धरून तपासल्या. दोष सापडेना. मग दुपारी कातडी उगीच चरचरल्यासारखी वाटू लागली. डोक्यावरचं आभाळ जुन्या धोतरासारखं विरत चाललंय, ते वरच्याला दिसतंय, आणि मी त्याच्याच खाली उभा राहून सगळं ठीक आहे असं लिहितोय, या विचारानं अन्न गोड लागेना.

एकदा मी पुण्याला गेलो तेव्हा साहेब म्हणाले, "तुझे सकाळचे आणि दुपारचे आकडे फार सारखे येतात."

"ओझोन दिवसात फारसा बदलत नाही ना, साहेब?"

"नाही बदलत. पण दुपारी वर काही वेगळं घडत असेल, तर ते आपल्याला कळायला नको का?" एवढं बोलून ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा रोख मला त्या वेळी समजला नाही.

मार्गशीर्षात एके दिवशी ते न कळवता जीप घेऊन आले. वस्तीवर पोचले तेव्हा भर दुपार होती आणि मी वर पेटीशी होतो. साहेबांचा गुडघा दुखरा, चढ उभा, आणि खालून खोली दिसत नसे. नाना अंगणात होते. पुढचं सगळं मला आक्कांनी नंतर शब्दन्‌शब्द सांगितलं.

साहेबांनी विचारलं, "निरीक्षक वर आहे का?"

नानांनी सलाम ठोकला. "न्हाई साहेब. दुपारी वर कोन नसतंय."

"कधीच नसतो?"

"कंदीच न्हाई साहेब."

साहेबांनी आक्कांना विचारलं. रस्त्यानं जाणाऱ्या दोघांना विचारलं. सगळ्यांनी तेच सांगितलं. सगळ्यांना वाटत होतं, आपण पोराला वाचवतोय. आक्का म्हणाल्या, "साहेब मोठ्यानं इचारत व्हतं, तुजं नाव घेऊन. म्हून आमी बी मोठ्यानं न्हाई म्हनलं."

साहेब ओट्यावर बसून राहिले. मी काम आटोपून खाली उतरलो. जीप बघून आनंद झाला.

"कुठं होतास?" त्यांनी विचारलं.

"वर, साहेब. आताच आकडा घेतला."

"अख्खी वस्ती सांगते, दुपारी वर कुणी नसतं."

मी नानांकडे बघितलं. नानांनी अंगणातल्या खांबाच्या सावलीकडे बघितलं. ती सरकली होती. ते एक पाऊल पुढं आले. "व्हय साहेब. वर व्हता त्यो. रोजच असतुया."

"आत्ता तर नाही म्हणालात!"

"तवा न्हवता, साहेब."

"म्हणजे?"

"म्हंजी व्हता. पर तवा व्हता असं म्हनायचं नसतंय."

साहेब माझ्याकडे वळले. मी बोलायला हवं होतं. पण शास्त्राच्या माणसापुढं म्हसोबाचं नाव कसं काढावं? कॉलेजात शिकलेला मुलगा, आणि असल्या गोष्टी सांगतो? शेवटी नानांनीच सगळं सांगितलं, म्हसोबा, दुपार, हाक, ओ. आक्का मधेमधे भर घालत होत्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते.

"हवालदार, एवढी भीती आहे, तर एकटा पोरगा रोज त्या वेळी तिथं उभा राहतो, असं मी मानायचं?" मग मला म्हणाले, "तू मेंढरांमागचा. तुझ्या घरीही हेच मानत असतील."

"मानतात, साहेब. पण मी जातो."

"सकाळचा आकडा थोडा इकडेतिकडे करून दुपारी लिहिणं कठीण नाही. सावलीत बसूनही येतं."

"म्या शपथ घेतो साहेब, देवाची!" नाना म्हणाले.

"कुठल्या देवाची?" साहेबांनी विचारलं.

पंधरवड्यानं नाना छातीवर पदकं लावून पुण्याला गेले. मुद्दाम सकाळी कार्यालयात पोचले, म्हणजे मोकळेपणानं बोलता येईल. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "हवालदार, तो तुम्हाला मुलासारखा आहे. मी तुमच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं." परत आल्यावर नानांनी पदकं काढून ट्रंकेत टाकली. आठवडाभर ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत. रागानं नव्हे, ते मला कळत होतं.

माझी नेमणूक पुढं वाढवली नाही. माळावरचं ठाणं बंद झालं. गवताच्या पेंढ्या भरून ती लांब पेटी खोक्यात घातली, तेव्हा वस्तीवरच्या चौघांनी खांदा देऊन ती खाली आणली. साहेबांनी माझ्याविरुद्ध कुठं काही लिहिलं नाही. पण माझ्या मनात किडा राहिला. उपग्रह खोटं का सांगेल? वर खरंच काही विरत असेल आणि ते मला दिसत नसेल, तर मी तिथं उभा असलो काय आणि नसलो काय? त्या दुपारी आठवायला बसलो की मला माळ दिसे, खांब दिसे, चादर काढलेली पेटी दिसे. तिच्यामागं उभा असलेला मी काही दिसत नसे.

आता मी सांगलीत एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे आणि बाहेरून एम.एस्सी. करतो आहे. मास्तर होईन की नाही ते माहीत नाही. यंदा पावसाळ्यानंतर आमच्या कॉलेजात व्याख्यानाला पुण्याहून एक निवृत्त शास्त्रज्ञ आले. तेच साहेब. आता हातात काठी होती. व्याख्यान संपल्यावर मुलं पांगली, आणि मी टेबलावरचं सामान आवरत होतो, तेव्हा त्यांनी मला नावानं हाक मारली. मी ओ दिली.

"बस," ते म्हणाले. "तो उपग्रह आंधळा होत होता रे."

मला अर्थ लागेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. खालून परत येणारा उजेड किती, हे ठरवायला आधी सूर्याचा उजेड किती ते कळावं लागतं. उपग्रहावर त्यासाठी एक पांढुरकी पट्टी होती. तिच्यावर पडलेलं ऊन बघून तो सूर्याचा अंदाज घेई. उन्हानंच ती पट्टी हळूहळू काळवंडत गेली. उपग्रहाला वाटलं, सूर्य मंद झाला. त्या मानानं खालून येणारा उजेड त्याला जास्त वाटला, म्हणजे तो गिळणारा ओझोन कमी. त्या वर्षांत आपल्यावरचं आभाळ होतं तसंच होतं.

"मग माझे दुपारचे आकडे..."

"बरोबर होते. तसेच यायला हवे होते."

मी खुर्चीची कड धरून बसलो. खिडकीबाहेर मुलं सायकली काढत होती.

"ही चूक उपग्रहवाल्यांनी जमिनीवरच्या ठाण्यांवरून शोधली," साहेब पुढं म्हणाले. "उपग्रह ज्या वेळी डोक्यावरून जाई, नेमक्या त्या वेळचेच आकडे त्यांना हवे होते. ठिकठिकाणांहून मागवले. आपल्याकडूनही मागवले होते."

"पाठवलेत?"

त्यांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"सकाळचे पाठवले. संध्याकाळचे पाठवले. दुपारच्या जागी मी लिहून दिलं, निरीक्षक गैरहजर." मग ते म्हणाले, "त्यांचा तो अहवाल आता छापून आलाय. त्यात ते तसंच आहे."